मांजर आधी सांगतं, मग बोचकारतं



आज आपण घरातल्या मांजराविषयी बोलू. गाय-म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याविषयी आपण या रेडिओवर पुष्कळ ऐकतो, कारण त्यांच्यापासून घरात चार पैसे येतात. मांजर दूध देत नाही, अंडी देत नाही, बाजारात नेऊन विकताही येत नाही. पण ज्वारीचं पोतं, तांदळाची कणगी आणि बियाण्याचं गाठोडं उंदरांपासून राखतं ते तेच. आणि घरातली लहान पोरं सगळ्यात जास्त हात लावतात तेही मांजरालाच. शेळी दावणीला असते, म्हैस गोठ्यात असते, मांजर मात्र चुलीपाशी, अंथरुणात, मांडीवर असतं.

मी पशुसखी म्हणून शेळ्या-कोंबड्या बघायला घरोघर जाते. तिथे मांजराची एक तक्रार ठरलेली असते. "ताई, चांगलं मांडीवर बसून घुरघुरत होतं, पोरगी पाठीवरून हात फिरवत होती, आणि एकदम फिरून चावलं. मांजराची जातच बेइमान." मग घरातलं कुणीतरी त्याला पोत्यात घालतं आणि ओढ्यापलीकडे सोडून येतं. पोरीच्या हातावर हळद दाबली जाते आणि दोन दिवसांनी ती गोष्ट सगळे विसरतात. यात मांजराचं घर जातं आणि आपली कणगी उघडी पडते. पण सगळ्यात मोठा धोका पोरीच्या त्या हाताला असतो. त्याविषयी मी शेवटी नीट सांगणार आहे, तेव्हा चूल-भांडी करता करता का होईना, शेवटपर्यंत ऐका.

मांजर एकदम चावत नाही. चावण्याआधी ते तीन-चार वेळा तरी "आता पुरे" म्हणतं. ते तोंडानं बोलत नाही, अंगानं बोलतं, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. ते बोलणं एकदा कळलं की पोरांचे हात वाचतात आणि मांजरही घरात टिकतं.

आधी मांजराचा स्वभाव असा का, ते बघू. गाय, शेळी, कुत्रा हे मुळात कळपात राहणारे प्राणी. त्यांना कुणाच्या तरी मागे चालायची सवय असते. आपलं पाळीव मांजर ज्या रानमांजरापासून आलं, ते आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात राहणारं. ते एकट्यानं राहायचं आणि एकट्यानं शिकार करायचं. माणसानं शेती सुरू केली, धान्य साठवलं, धान्यापाठी उंदीर आले आणि उंदरांपाठी ही मांजरं माणसाच्या वस्तीला आली. सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं होतं. इतकी जुनी आपली ओळख आहे. पण गाईला आपण दावं लावलं तसं मांजराला कधी लावलं नाही. ते आपल्या पायांनी आलं आणि आपल्या मर्जीनं राहिलं.

दुसरी गोष्ट अशी की मांजर शिकार करतं, तशी त्याची शिकारही होते. कुत्रा, कोल्हा, मोठं घुबड यांची त्याला भीती असते. त्यामुळे कुणी वरून झडप घातल्यासारखं धरलं, आवळलं, पळायची वाट बंद केली, की माया करणारा हात आहे की जीव घेणारा, हे ओळखायला ते थांबत नाही. धरून ठेवणं त्याला जिवावर बेतल्यासारखं वाटतं. आपण मात्र प्रेम आलं की पहिल्यांदा कवटाळतो. पोरं तर हमखास. मांजराला प्रेम नको असतं असं नाही, कवटाळणं नको असतं.

मग मांजर स्वतः प्रेम कसं दाखवतं? रोज तुमच्या डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टी सांगते.

तुम्ही शेतातून येता आणि मांजर शेपूट काठीसारखी सरळ उभी करून समोर येतं. कधी शेपटीचं टोक जरा वाकलेलं असतं. हा त्याचा रामराम. पिल्लं आपल्या आईकडे अशीच शेपूट उभारून धावतात.

मग ते तुमच्या पायाला, लुगड्याच्या काठाला गाल आणि अंग घासतं. आपण म्हणतो, दुधासाठी लाडीगोडी लावतंय. थोडं तेही खरं आहे. पण मांजराच्या गालांत, हनुवटीत, कपाळात आणि शेपटीच्या बुडाशी वासाच्या गाठी असतात. तो वास आपल्याला येत नाही, त्याला येतो. अंग घासून ते आपला वास तुम्हाला लावतं. ही बाई आपल्या घरातली, अशी ती खूण. दाराच्या चौकटीला आणि कणगीच्या कोपऱ्याला गाल घासतं तेही त्यासाठीच. कपाळानं हलकी ढुशी देतं, तीही मायेचीच.

मांडीवर बसून पुढचे दोन्ही पाय आळीपाळीनं दाबतं, आपण कणीक तिंबतो तसं. पिल्लू असताना आईच्या पोटाशी दूध उतरावं म्हणून ते असंच दाबत असतं. मोठेपणीही उबेत, निवांत वाटलं की ती सवय वर येते. नखं टोचली तर ओरडू नका. मांडीखाली जाड फडकं घ्या, किंवा सावकाश उठा.

काही मांजरं तुमच्याकडे पाठ करून बसतात. लोकांना तो रुसवा वाटतो. पण ज्याची भीती असते त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. पाठ करून निवांत बसलं, म्हणजे त्याचा तुमच्यावर विश्वास आहे.

आणि डोळे. मांजर तुमच्याकडे बघत सावकाश डोळे अर्धे मिटतं, पुन्हा उघडतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये यावर अभ्यास छापला. माणसांनी मांजराकडे बघून असेच सावकाश डोळे मिटले, तेव्हा मांजरांनीही डोळे मिचकावून उत्तर दिलं. अनोळखी माणसानं असं केल्यावर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे ती जास्त येऊ लागली. करून बघा, पैसा लागत नाही. मांजराकडे टक लावून बघू नका, कारण टक लावणं ही त्यांच्यात भांडणाची तयारी असते. हळूच डोळे मिटा, जरा थांबा, उघडा.

आणखी एक. आपण हाक मारतो आणि मांजर जागचं हलत नाही. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की मांजर आपल्या माणसाचा आवाज परक्यांच्या आवाजातून ओळखतं. पण ते उठून येत नाही, फक्त कान फिरवतं किंवा मान वळवतं. म्हणजे तुमची मनी बहिरी नाही आणि माजलेलीही नाही. तिनं ऐकलंय. कान फिरवणं हेच तिचं "हं."

आता घुरघुरण्याविषयी. मांजर घुरघुरतं म्हणजे खूश आहे, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते बरोबर असतं. पण दुखत असताना, घाबरलं असताना, विताना, अगदी मरणाच्या दारातही मांजर घुरघुरतं. म्हणून एकट्या आवाजावर जाऊ नका. अंग सैल आहे का, डोळे शांत आहेत का, शेपूट स्थिर आहे का, हे त्याबरोबर बघा. कोपऱ्यात आखडून बसलंय, खात नाही आणि घुरघुरतंय, तर ते सुखाचं घुरघुरणं नव्हे.

आता हात कुठे लावायचा. इंग्लंडमधल्याच लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये मांजराच्या अंगावर वेगवेगळ्या ठिकाणी हात फिरवून बघितलं. शेपटीच्या बुडाशी हात लावलेला मांजरांना सगळ्यात कमी रुचला. जिथे त्यांच्या वासाच्या गाठी आहेत ती चेहऱ्याची जागा, म्हणजे गाल, हनुवटीखाली, कान आणि डोळ्यांच्या मधला भाग, तिथे त्यांची हरकत कमी होती. आपण काय करतो? डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबलचक हात फिरवतो, वर शेवटी शेपूट मुठीत धरतो. म्हणजे जे नको तेच करतो. पाठीवरून थोडा हात बऱ्याच मांजरांना चालतो. पोट, पंजे, शेपूट आणि मिशा मात्र सोडून द्या.

पोटाविषयी जरा जास्त सांगते, कारण सगळ्यात जास्त बोचकारे तिथेच बसतात. मांजर उन्हात ओट्यावर पाठीवर लोळतं, पांढरं मऊ पोट दाखवतं. पोरांना वाटतं, गुदगुल्या कर म्हणतंय. पण पोट ही त्याची सगळ्यात नाजूक जागा. ती उघडी टाकून पडणं म्हणजे "मला इथे भीती नाही" असं सांगणं. त्याचा अर्थ "पोटाला हात लाव" असा होत नाही. आपण दार उघडं टाकून दुपारी आडव्या होतो. शेजारणीवर विश्वास असतो म्हणून. म्हणून काही ती आत येऊन आपलं कपाट उघडत नाही. पोटाला हात लावला की मांजर चारी पंजांनी धरतं आणि मागच्या पायांनी ओरबाडतं. शत्रूपासून पोट वाचवायची त्याची ती रीत आहे.

आता ते "पुरे" कसं म्हणतं, ते ऐका. हे पोरांना तोंडपाठ करायला लावा.

पहिली खूण, शेपूट. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा बहुधा खूश असतो, मांजराचं तसं नसतं. बसल्या बसल्या शेपटीचं टोक फडफडू लागलं की त्याला कंटाळा आला. शेपूट जमिनीवर आपटू लागलं की राग आला.

दुसरी खूण, पाठीची कातडी. गाईच्या अंगावर माशी बसली की कातडी थरथरते ना, तशी मांजराच्या पाठीची कातडी हाताखाली सरसरते. तिथेच हात काढा.

तिसरी, कान. उभे, पुढे असलेले कान आधी बाजूला वळतात, मग मागे चपटे होतात. चपटे झाले म्हणजे आता वेळ संपत आली.

चौथी, डोळे. उजेड तेवढाच असताना बाहुल्या एकदम मोठ्या, काळ्या झाल्या तर ते बिथरलं आहे.

पाचवी खूण सगळ्यात शांत असते. घुरघुर थांबते आणि अंग ताठ होतं. मान हाताकडे वळवून ते बघतं. कधी हात चाटून लगेच हलकेच दात टेकवतं. पोरं म्हणतात, बघ कसं शांत बसलंय. ते शांत नसतं, ते शेवटचं थांबलेलं असतं.

यापुढे फिस्कारणं, गुरगुरणं, मग पंजा, मग दात. आता मला सांगा, इतक्या पायऱ्या चढून आल्यावर ते चावलं, तर त्याला एकदम कसं म्हणायचं? आणि एक ध्यानात ठेवा. फिस्कारलं म्हणून मांजराला मारू नका. ते बोलतंय तेवढं बरं. बोलल्याबद्दल मार बसू लागला की ते सांगणं सोडून देतं आणि सरळ चावायला लागतं.

मग लाड करायचेच नाहीत का? करायचे की. रीत सोपी आहे. आधी खाली बसा, मांजरावर वाकून उभ्या राहू नका. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीला, थोडं लांब धरा. त्याला अगदी जवळचं नीट दिसत नाही, वासावर आणि मिशांवर ते ओळखतं. पुढे येऊन बोटाला गाल घासला, तर त्याची परवानगी आहे. तोंड फिरवलं तर आज नको. परवानगी मिळाली की गालावरून, हनुवटीखालून चार-पाच वेळा बोट फिरवा आणि थांबा, हात बाजूला घ्या. ते पुढे सरकलं, डोकं हाताखाली घातलं, तर अजून हवंय. तसंच बसून राहिलं किंवा अंग चाटू लागलं, तर पुरे झालं. थोडं करा, थांबा, विचारा. मधे थांबल्यावाचून विचारणं होत नाही.

काही मांजरांना मांडी आवडत नाही, फक्त शेजारी बसायला आवडतं. काहींना दिवसभर नको असतं, रात्री पायापाशी यायला हवं असतं. माणसं सारखी नसतात तशी मांजरंही नसतात. शेजारच्या घरचं मांजर खांद्यावर बसतं म्हणून आपलं बसलंच पाहिजे असं नाही.

उचलायची वेळ आली तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घ्या. वजन पेललं गेलं की ते घाबरत नाही. मानेची कातडी धरून लटकवू नका. मांजरी पिल्लाला मानेला धरून नेते हे खरं, पण ते पिल्लू ओंजळभर असतं. मोठ्या मांजराचं सगळं वजन त्या कातडीवर आलं की त्याला दुखतं. सुटायला धडपडू लागलं तर आवळू नका, खाली बसून जमिनीवर सोडा.

आता पोरांचे काही खेळ आपल्याला बंद करावे लागतील. मांजराला टोपलीखाली कोंडणं, शेपटीला डबा किंवा दोरी बांधणं, कपडे घालणं, झोपलेल्याला उठवणं, खाताना हात लावणं, हे सगळं बंद. हाताची बोटं नाचवून पिल्लाला चावायला शिकवणंही बंद. पिल्लाचे दात बारीक असतात तोवर मजा वाटते, पण सहा महिन्यांनी तेच पिल्लू मोठं होऊन हाताला झोंबतं. खेळायला काठीला बांधलेली चिंधी घ्या किंवा कागदाचा बोळा करा. खेळून झालं की चिंधी-दोरी उचलून ठेवा, दोरा गिळला तर मांजराच्या आतड्यात अडकतो. आणि घरात मांजराला एक तरी जागा अशी द्या, जिथे पोरांनी जायचं नाही. माळ्यावरचा कोपरा, जुन्या पेटीवरचं गोणपाट, काहीही चालेल. पळायला जागा असलेलं मांजर चावत नाही, ते पळतं.

हे पोरांना शिकवताना माझ्या मनात आणखी एक विचार येतो. घरी पाहुणे आले की आपण लहान मुलीला म्हणतो, "जा, मामांच्या मांडीवर बस." ती अंग चोरते, मागे सरकते. आपण म्हणतो, "लाजतेय." कुणी गालगुच्चा घेतो आणि ती तोंड फिरवते, तरी आपण हसतो. समोरच्यानं अंग काढून घेतलं की आपला हात मागे घ्यायचा, हे मुलगा मांजराकडून शिकला तर त्याला ते आयुष्यभर कामाला येईल. आणि मुलगी हे शिकेल की आपल्याला नको असलेला हात बाजूला सारणं म्हणजे उद्धटपणा नाही. आपण आयांनी दोघांनाही हे शब्दांत सांगायला हवं.

आता व्यालेल्या मांजरीविषयी. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. ती हौसेनं फिरवत नाही. जागेवर वर्दळ झाली, पोरांनी पिल्लं हाताळली, बोका घिरट्या घालू लागला, की तिला ती जागा धोक्याची वाटते. ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. एरवी गरीब असलेली मांजरी या दिवसांत अंगावर येते, तिला दोष देऊ नका. कोरडा, अंधारा कोपरा द्या, खोक्यात जुनं लुगडं घाला, जवळ पाणी आणि खाणं ठेवा आणि पहिले दोन आठवडे लांब राहा. पिल्लांचे डोळे आठ-दहा दिवसांत उघडतात. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्यांच्या शिकण्याचा. या दिवसांत मांजरी शांत असताना, रोज थोडा वेळ, मोठ्या माणसानं हळुवार हात लावला, तर ती पिल्लं पुढे माणसाला बिचकत नाहीत. या काळात ज्यांना माणसाचा हात लागलाच नाही, ती जन्मभर बुजरी राहतात. म्हणून कुणाकडचं मांजर जवळ येत नसेल, तर ते प्रेमळ नाही असं म्हणू नका. पिल्लू दुसऱ्या घरी द्यायचं तर दोन महिन्यांचं झाल्यावरच द्या. आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू चावं किती जोरात घ्यायचा हे शिकत नाही. ते आई आणि भावंडंच शिकवतात.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. मांजरी माजावर आली की जमिनीवर लोळते, सगळीकडे अंग घासते, मागचा भाग उचलते आणि रात्रभर ओरडते. ते लाडात येणं नव्हे. दर वेळी पिल्लं नको असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नसबंदीची चौकशी करा. दुसरी गोष्ट म्हणजे अचानक बदललेला स्वभाव. रोज जवळ येणारं मांजर हात लावताच ओरडतंय, अंधारात लपतंय, खाणं सोडलंय, तर ते रुसलं नाही, ते आजारी आहे. दात दुखत असेल, मार लागला असेल, लघवी अडली असेल. बोका लघवीला वारंवार बसतो आणि होत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि घरातली तापाची, अंगदुखीची गोळी मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं.

आता सुरुवातीला म्हटलं होतं ते. मांजर चावलं किंवा बोचकारलं तर काय करायचं? हे लिहून घ्या, नसेल लिहिता येत तर पोरांकडून लिहून घ्या.

कुत्र्याप्रमाणेच पिसाळलेल्या मांजरापासूनही रेबीज होतो. या रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर काळजी घेतली तर तो टाळता येतो. त्यातली पहिली काळजी तुमच्या हातात आहे. वाहत्या पाण्याखाली, अंगाच्या नाहीतर कपड्याच्या साबणानं जखम पूर्ण १५ मिनिटं धुवायची. १५ मिनिटं म्हणजे बराच वेळ असतो, घड्याळ लावा. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू, माती यातलं काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते.

पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता लस दंडावर देतात. बहुतेक ठिकाणी ती कातडीत देतात आणि पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून मग ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी बोलावतात. तारखा कागदावर लिहून मिळतात. जखम भरली म्हणून मधला डोस सोडू नका. रक्त आलं असेल तर जखमेत आणि भोवती आणखी एक इंजेक्शन द्यावं लागतं, धनुर्वाताचंही द्यावं लागू शकतं. ते डॉक्टर ठरवतील. पोटुशी बाई असो की अंगावर पाजणारी, ही लस घेता येते. घाबरून थांबू नका. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून छिद्र बारीक दिसतं, पण आत खोल जातं आणि पिकतं. म्हणून "एवढंसंच तर आहे" असं म्हणू नका.

"पण आमचं घरचं मांजर आहे, ताई." घरचं मांजर रात्री कुठे जातं, कुणाशी भांडतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. घरच्या मांजरालाही तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. चावलेल्या मांजराला मारू नका, हाकलून देऊ नका. ते दहा दिवस नजरेसमोर राहिलं तर आजारी पडतं का ते कळतं, आणि डॉक्टरांना ते सांगता येतं. पण ते दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, असं मात्र करायचं नाही. लस आधी सुरू करायची.

आणि पोरांना एक वचन द्या. मांजर बोचकारलं तर घरी येऊन सांगायचं, मार बसणार नाही. शेपूट ओढली म्हणून आई मारेल, या भीतीनं पोरं ओरखडा लपवतात. असा लपवलेला ओरखडाच जिवावर बेततो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला हप्ते गोळा करून झाले की पाच मिनिटं काढा. आठवडाभरात आपल्या मांजराची एक तरी खूण पाहून या. शेपूट कधी उभी राहिली, कातडी कधी सरसरली, कुणाच्या हाताला गाल घासला. पोरांनाही बघायला सांगा, ती आपल्यापेक्षा बारीक बघतात. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांनी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात लस कोणत्या वेळी मिळते, ते विचारून या आणि सगळ्यांना सांगा.

आजच्यासाठी एवढंच, मैत्रिणींनो. मांजर जवळ आलं तर जवळ घ्या, जाऊ म्हणालं तर जाऊ द्या. संध्याकाळी चुलीच्या उबेला ते आपणहून पुन्हा येईल.

नमस्कार.